जडवस्तू क्रमांक चारशे सतरा

एका जंगलात, मुलांनो, एक यंत्र होतं. हसू नका. तुमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे आणि तिला बारा महिने कुलूप असतं. तेव्हा जंगलात यंत्र असलं तर कुणाचं काय बिघडलं?

यंत्र डोंगराच्या पोटात होतं. घुशींनी तीन पिढ्या खपून तिथं एक गोल बोगदा खोदला होता. त्या बोगद्यात धुळीहूनही बारीक कण सोडायचे आणि गरगर पळवायचे. पळून पळून त्यांना असा जोर चढला, की एका भोकातून त्यांची सरळ धार बाहेर काढायची. तिला कणधारा म्हणत. कुणाच्या अंगात वाईट गाठ झाली, की त्याला समोर निजवायचं आणि धार नेमकी गाठीवर धरायची. गाठ जळून जायची, बाकीचं अंग शाबूत. सुरी नको, रक्त नको, रडारड नको.

आता तुम्ही म्हणाल, वा, किती छान. जरा दम धरा. गोष्टीत पहिल्या दोन परिच्छेदांत सगळं छान असेल, तर समजावं की पुढं कुणीतरी साहेब येणार आहे.

अडचण अशी होती, की धार डोळ्याला दिसत नसे. मग ती कुठं चालली आहे हे कळणार कसं? म्हणून तिच्या वाटेत एक पत्रा आडवा धरत. धार त्यातून गेली की पत्रा थरथरे, आणि थरथर कुठं झाली यावरून धार कुठं आहे ते समजे. पण पत्र्यातून जाताना कण आपटत, धडपडत. मधल्या सुट्टीत तुम्ही सगळे वर्गाच्या एकाच दारातून कसे बाहेर पडता? आत असता तोवर रांगेत, आणि उंबरा ओलांडला की दाही दिशांना. कणांचं तसंच व्हायचं. मोजलं की धार फिसकटायची, आणि न मोजावी तर ती कुठं चालली हे देवालाच ठाऊक. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. एकदा सशाच्या कानामागची गाठ जाळायला गेले आणि शेजारी उभ्या असलेल्या खारीच्या शेपटीचे केस गेले. सशानं तेव्हापासून गाठीसह संसार करायचं ठरवलं.

त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एका गुहेत येसाजी नावाचं अस्वल राहायचं. आणि त्याच गुहेच्या डाव्या कोपऱ्यात, छताजवळ, चंद्राक्का राहायची. चंद्राक्का म्हणजे आठ पायांची कोळीण. जाळी विणणारी. वय झालेलं, बोलणं तिखट, आणि हात इतका बारीक, की तिचा धागा वाऱ्यालासुद्धा चुकवून जायचा.

येसाजी दर दिवाळीला गुहा झाडायचा. दणादण झाडायचा, धुळीचे लोट उठायचे. पण आक्काच्या कोपऱ्यात त्याचा खराटा कधी आला नाही. एकदा नाही, अकरा वर्षं नाही. आक्काला त्याचं फार अप्रूप होतं. भेटेल त्याला सांगायची, "अंगानं एवढा धिप्पाड, पण माझ्या जाळ्याला कधी धक्का लावला नाही हो. माणुसकी असावी तर अशी." अस्वलाला माणुसकी कुठून येणार, असा प्रश्न तुमच्यातला कुणीतरी शहाणा विचारणारच आहे. त्यानं खाली बसावं.

तर या येसाजीच्या एका डोळ्यामागं गाठ झाली. दुसरा डोळा लहानपणीच मधमाशांनी घालवला होता, तेव्हा होता तो एवढाच. त्यातूनही पाच हातांपलीकडचं धूसर दिसे. अस्वलांची नजर मुळात अधू असते, त्यात ही गाठ. येसाजी उंच कड्यावरची पोळी काढून पोट भरायचा. तो म्हणाला, "आक्का, मध काय, वासावरून सापडेल. पण कड्याची धार काही वासावरून कळत नाही." रडू आलं तर पुसायचे डोळे आठ, म्हणून आक्का रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती येसाजीच्या खांद्यावर बसून यंत्राकडं गेली. तिथं यंत्र चालवायला डॉक्टर मुंगसे होते. मुंगूसच ते. हुशार, चपळ, आणि साहेबाचं नाव निघालं की बिळाकडं बघणारे. त्यांनी डोळा तपासला आणि म्हणाले, की गाठ राईएवढी आहे, डोळ्याची नस तिच्यापासून केसभर अंतरावर आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात गाठ त्या नसेला गिळणार. म्हणजे धार राईएवढीच हवी. पत्र्यातून ती आवळ्याएवढी होऊन निघते. आवळ्याएवढी धार लावली तर गाठ जाईल, डोळाही जाईल.

आक्कानं पत्रा पाहिला. त्याच्या भोवती एक चक्कर मारली. मग म्हणाली, "एवढा जाड कशाला?"

मुंगसे म्हणाले, की याहून पातळ पत्रा कुणाला ठोकता येत नाही.

"ठोकायचा कशाला? मी विणते की."

आणि तिनं विणला. बांबूची एक कांब वाकवून तिची चौकट केली आणि तीत पडदा विणला. तो असा विणला, की एकावर एक शंभर पडदे ठेवले तर अस्वलाच्या एका केसाएवढी जाडी व्हावी. स्वतः चौकटीच्या काठावर बसली, चार पाय धाग्यांवर ठेवले, आणि म्हणाली, सोडा धार.

मुंगश्यांनी समोर पळसाचं पान टांगलं आणि धार सोडली. कण पडद्यातून असे गेले, की वाटेत काही होतं हे त्यांना कळलंसुद्धा नाही. पण आक्काला कळलं. एकेका कणानं धागा जेवढा हलवला तेवढा तिच्या पायांना लागला. ती सांगायची, "डावीकडं एक राई." मुंगसे चाक फिरवायचे. "आता जरा खाली. बस." पानाला भोक पडलं ते अगदी राईएवढं, काठ स्वच्छ, बाकी पान हिरवंगार. मुंगसे ते पान हातात घेऊन किती वेळ नुसते बघत राहिले. त्यांनी पुढच्या बुधवारचा दिवस येसाजीच्या नावावर लिहिला.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण यंत्राला संचालक होते.

संचालक म्हणजे सांबर. त्यांचं नाव शृंगारपुरे. डोक्यावर शिंगांचा एवढा मोठा पसारा, की साहेब खोलीत शिरले की आधी शिंगं यायची, मग भिंतीचे पोपडे पडायचे, आणि मग साहेब. त्यांना बातमी लागली. त्यांनी आक्काचं कौतुक केलं आणि सांगितलं, की प्रस्तुत पडदा हा आता संस्थेची वस्तू आहे. तेव्हा तो आधी भांडारात रीतसर जमा करावा, त्याच्यावर नंबर टाकून घ्यावा, आणि मग तिथून अर्ज करून परत यंत्रासाठी काढून घ्यावा.

तो त्या जागेचा फार जुना रिवाज होता. संस्थेत जी वस्तू येईल ती जडवस्तू नोंदवहीत चढायची, आणि तिच्या अंगावर ऑइल पेंटनं नंबर पडायचा. खुर्चीवर, घागरीवर, पंख्याच्या पात्यावर, सगळीकडं तांबड्या रंगात नंबर. नंबर तीन हातांवरून वाचता आला पाहिजे, असा नियम. आणि ज्या वस्तूवर नंबर नाही तो कचरा, असाही नियम. दर शनिवारी खराटेवाली माकडं यायची आणि बिननंबरी जे दिसेल ते झाडून न्यायची. एकदा एक बिननंबरी शिपाईही झाडून नेला होता म्हणतात, पण ते आपल्याला पाहायला मिळालं नाही.

भांडारपाल होते काटदरे. म्हणजे साळिंदर. स्वभावानं वाईट नव्हते, पण अंगावर सगळीकडं काटे, आणि बोलण्याची सुरुवात कायम "माझं वैयक्तिक काही नाही" अशी. अशी सुरुवात झाली, मुलांनो, की आपलं काम आज होत नाही हे ओळखावं.

काटदऱ्यांनी तराजूच्या एका पारड्यात तसलीच रिकामी चौकट ठेवली आणि दुसऱ्यात पडदा. पारडं हललं नाही. त्यांनी तराजू झटकला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

"माझं वैयक्तिक काही नाही," काटदरे म्हणाले, "पण वजन शून्य आहे. शून्य वजनाचा माल म्हणजे न आलेला माल."

आक्का म्हणाली, की वजन नाही हाच तर याचा गुण आहे, वजन असतं तर हा पत्राच झाला असता. काटदरे म्हणाले, की गुणांसाठी नोंदवहीत रकाना नाही, वजनासाठी आहे. मग त्यांनी विचारलं, निदान पडदा कुठं आहे ते तरी दाखवा. आक्का म्हणाली, तिरकं होऊन उजेडाकडं बघा. काटदरे तिरके झाले. पडदा दिसला. त्याबरोबर त्यांच्या नाकाला काहीतरी हुळहुळलं आणि त्यांना शिंक आली.

पहिला पडदा असा गेला.

आक्कानं दोन दिवस बसून दुसरा विणला. या वेळी काटदऱ्यांनी नाकाला फडकं बांधलं आणि श्वास रोखून कुंचला उचलला. चौकटीच्या बारीक कांबीवर मावेना, म्हणून पडद्यावरच. नंबर चारशे सतरा. चाराचा पहिला फराटा ओढायच्या आत कुंचल्यावरून तांबड्या रंगाचा एक थेंब टपकला आणि पडद्यातून आरपार खाली गेला. बरोबर पडदाही खाली गेला. काटदऱ्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, की अशी पहिलीच वस्तू पाहिली जी नंबर घेत नाही.

प्रकरण समितीपुढं गेलं. समिती म्हणजे शृंगारपुरे साहेब, त्यांची डावी शिंगं आणि त्यांची उजवी शिंगं. साहेबांनी बराच वेळ मान डोलावली, त्यात छताचा एक दिवा फुटला. मग निर्णय दिला. पडद्याला भक्कम आधार नाही, सबब तो एका सागवानी फळीवर ताणून बसवावा, आणि नंबर फळीवर टाकावा. पडद्याचा मान राहील, नियमाचाही राहील.

चंद्राक्का म्हणाली, "साहेब, नाकापेक्षा मोती जड होतोय. फळी लावली की पडद्याचा उपयोग काय?"

साहेब म्हणाले, की फळीमुळं पडद्याला भरीवपणा येईल. कामात भरीवपणा हवा.

आक्कानं मुंगश्यांकडं पाहिलं. मुंगसे खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना तीन पिल्लं होती, आणि राहायला संस्थेचं बीळ होतं. आक्काला त्यांचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला. शेवटी ती घरी गेली आणि विणायला बसली, कारण बुधवार काही समितीसाठी थांबणार नव्हता. आता तीनच दिवस उरले होते.

तिसरा पडदा फळीवर बसला. फळी चांगली चार बोटं जाड. काटदऱ्यांनी तीवर ठळक चारशे सतरा रंगवलं, खाली एक नक्षीची रेघही ओढली, आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'या वस्तूस परवानगीवाचून हात लावू नये.' तराजूत पारडं दणकन खाली गेलं. काटदऱ्यांनी आनंदानं वजन लिहिलं. आयुष्यात एखाद्या वजनानं त्यांना इतकं समाधान दिलं नव्हतं.

सोमवारी साहेबांसमोर चाचणी झाली. पुन्हा पळसाचं पान टांगलं. धार फळीवर आदळली. निम्मे कण फळीतच मेले. उरलेले जे वाट फुटेल तिकडं पसरले. पानाला भोक पडलं नाही. अख्खं पान करपलं, शेजारची दोन पानं करपली, आणि मागच्या भिंतीवर परातीएवढा काळा डाग उठला.

आक्कानं मान खाली घातली. आता तरी साहेबांच्या लक्षात येईल, असं तिला वाटलं. म्हातारी झाली होती, पण भाबडेपण गेलं नव्हतं.

साहेबांनी डाग बघितला. शिंगांनी त्याची रुंदी मापली. आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आधी भोक केवढं होतं?"

"राईएवढं," मुंगसे हळूच म्हणाले.

"आणि आता परातीएवढं. डॉक्टर, याला प्रगती म्हणतात."

काटदऱ्यांनी वहीत लिहून घेतलं, की फळीमुळं धारेच्या आकारमानात लक्षणीय वाढ झाली. आक्का मात्र साहेबांच्या समोर, त्यांच्या नाकाच्या शेंड्यापुढं धाग्यावर लोंबकळत आली.

"साहेब, अस्वलाचा डोळा परातीएवढा नाही."

साहेबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "तो मुद्दा रास्त आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक महिन्यानं होती.

त्या संध्याकाळी आक्का गुहेत परत आली तेव्हा येसाजी मध चाटत बसला होता. त्यानं विचारलं, की यंत्राचं काय झालं. ती म्हणाली, सगळं ठीक आहे. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मी बिनघोर आहे आक्का." तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. त्यानं झोपण्याआधी खराट्यानं अंथरूण झाडलं, आणि नेहमीसारखा तिचा कोपरा तेवढा सोडून दिला. तेव्हा तिनं ठरवलं. ज्यानं अकरा वर्षं आपल्या घराला हात लावला नाही, त्याचा डोळा आपण असा सागवानाच्या फळीपायी जाऊ देणार नाही.

मंगळवारी तिनं चौथा पडदा विणला. बिनवजनाचा, बिननंबरी. मग मुंगश्यांना गाठून म्हणाली, की उद्या सकाळी हा यंत्रात बसवणार आहे. मुंगश्यांचे केस उभे राहिले. बिननंबरी वस्तू यंत्रात सापडली तर बीळ जाईल, पिल्लं उघड्यावर येतील, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही. मी उद्या अर्धा तास उशिरा येतो." आणि जाताना यंत्राच्या खोलीची किल्ली टेबलावर विसरून गेले. मुलांनो, काही लोकांचं शौर्य एवढंच असतं. अर्धा तास उशिरा येणं. पण वेळेला तेही पुरतं.

बुधवारी सकाळी आक्कानं चौथा पडदा धारेच्या वाटेत लावला. पण फळी तिथंच होती, अगदी भोकासमोर. ती आक्काच्यानं हलेना. कोळिणीनं सागवान हलवायचं म्हणजे काय थट्टा आहे? आणि फळीवर लिहिलेलं, की परवानगीवाचून हात लावू नये. परवानगी देणारे एकच, काटदरे. आणि ते तर नंबर जागेवर आहे का बघायला येतच होते.

काटदरे आले. खिडकीबाहेर उभे राहिले. आक्का काचेवर चढली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, की भांडारपालसाहेब, एक शंका आहे. नंबर तीन हातांवरून दिसला पाहिजे ना? मग इथून खिडकीतून दिसतो का तुम्हाला?

काटदऱ्यांनी वाकून पाहिलं. फळी धारेकडं तोंड करून होती. खिडकीतून दिसत होती नुसती कड.

"नाही दिसत," ते म्हणाले, आणि त्यांचे काटे ताठ झाले. नंबर आहे आणि दिसत नाही, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. ते आत आले, स्वतःच्या दोन्ही पंजांनी फळी उचलली, बाजूच्या भिंतीवर खिडकीसमोर टांगली, लांब जाऊन पाहिलं, परत येऊन सरळ केली. चारशे सतरा लखलखीत दिसू लागलं. धार आणि फळी यांच्यात आता दोन हातांचं अंतर होतं. काटदरे समाधानानं बाहेर जाऊन उभे राहिले.

येसाजीला समोर निजवलं. त्याचं डोकं पट्ट्यांनी बांधलं. साहेब खिडकीशी आले. त्यांनी नंबर वाचला आणि सुरू करा म्हणाले. अर्धा तास उशिरा आलेल्या मुंगश्यांनी चाक धरलं.

"आक्का, आहेस का?" येसाजीनं विचारलं.

"आहे."

"कुठं? दिसत नाहीस."

"दिसायची गरज नाही. हलू नकोस."

धार सुटली. आक्काच्या पायांखाली पडदा बारीक गुणगुणायला लागला. ती मोजत होती. डावीकडं अर्धी राई. मुंगश्यांनी चाक फिरवलं. ठीक. आता तशीच राहू द्या. मग साहेबांनी अधिक चांगलं दिसावं म्हणून दारातून मान आत घातली, त्यांचं शिंग यंत्राच्या नळीला लागलं, आणि धार हलली. केसभरच हलली. पण केसभर अंतरावरच तर नस होती. आक्काच्या एका पायाला ते आधी कळलं, मग तिला कळलं. "उजवीकडं. लवकर." मुंगश्यांनी इतक्या वेगानं चाक फिरवलं, की त्यांना स्वतःलाच आपण मुंगूस असल्याची आठवण झाली. धार जागेवर आली. आक्काच्या आठही डोळ्यांत पाणी होतं, पण पाय एकही हलला नाही.

गाठ गेली. डोळा राहिला.

चौथ्या दिवशी पट्टी सुटली आणि येसाजीला इतकं स्वच्छ दिसायला लागलं जितकं त्याला जन्मात दिसलं नव्हतं. गाठ बरीच वर्षं मागून दाबत होती, असं मुंगसे म्हणाले. लांबच्या कड्यावरची मधमाशी त्याला उडताना दिसली आणि तो एखाद्या पिल्लासारखा नाचला.

मग त्याच दिवशी समारंभ झाला. व्हायलाच हवा. साहेबांनी भाषण केलं, की भरीव फळीमुळं धारेची गुणवत्ता सुधारली आणि एका अस्वलाची दृष्टी वाचली. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट जाडीच्या बारा फळ्या बसवण्यात येतील. काटदऱ्यांना शाल मिळाली, ती त्यांनी पांघरताच तिची चाळण झाली. मुंगश्यांना नारळ मिळाला. चंद्राक्कालाही कुणी बोलावलं असतं, पण ती कुणाला दिसली नाही. चारशे सतरा नंबरची फळी आता पातळ ठरली होती, म्हणून ती नोंदवहीतून कमी करून आठवण म्हणून येसाजीला भेट दिली. तो रडला. त्यानं फळीला डोकं टेकलं.

समारंभाचा दिवस शनिवार होता. पाहुणे येणार म्हणून खराटेवाली माकडं सकाळीच यंत्राच्या खोलीत शिरली होती. बोगद्याच्या तोंडाशी एक बिननंबरी जळमट दिसलं, ते त्यांनी झाडून टाकलं. आक्का छतावरून बघत होती. मुंगसेही दारातून बघत होते. ते पुढं झाले नाहीत, पण त्यांनी नंतर खाली पडलेला एक धागा उचलून खिशात ठेवला.

संध्याकाळी येसाजी फळी बगलेत मारून गुहेत आला. त्यानं नव्या नजरेनं घर बघितलं. चूल बघितली, मधाची मडकी बघितली, भिंतीवरचे भेगांचे नकाशे बघितले. मग डाव्या कोपऱ्यात, छताकडं बघितलं आणि थबकला.

"बाप रे," तो म्हणाला. "केवढं जळमट हे. अकरा वर्षं इथंच होतं होय?"

आक्का जाळ्याच्या मधोमध सरकली.

"मला कधी दिसलंच नाही," येसाजी म्हणाला. त्याच्या आवाजात खरी लाज होती. "तू इथं या असल्या घाणीत राहायचीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस. थांब, आत्ता साफ करून देतो. तू माझ्यासाठी तिथं बसून होतीस, मी एवढं करायला नको?" आणि त्यानं खराटा उचलला.

तेव्हा आक्काला सगळं कळलं. अकरा दिवाळ्या त्यानं कोपरा सोडला होता, तो मनाच्या मोठेपणानं नव्हे. डोळ्याच्या अधूपणानं. जी नजर तिनं त्याला मिळवून दिली, तीच आता खराटा घेऊन समोर उभी होती. तिला फार वाईट वाटलं. अकरा वर्षांचं वाईट एकदम वाटलं. आणि समोर हा भाबडा गडी, प्रेमानं, तिचं घर पाडायला निघालेला. त्याला काय सांगायचं? की तुझा डोळा अशाच जळमटानं वाचवला? मग तो मोठ्या मनानं ते सगळ्या जंगलाला सांगत सुटणार, आणि मुंगश्यांचं बीळ जाणार.

ती म्हणाली, "दादा, झाडणं राहू दे. आधी ती फळी लाव."

"कुठं लावू?"

"इथंच. या कोपऱ्यात. एवढी मोठी वस्तू, मानाच्या जागी नको?"

येसाजीला ते पटलं. त्यानं खराटा ठेवला, दोन खुंट्या ठोकल्या, आणि फळी कोपऱ्यात तिरकी टांगली. आक्का म्हणाली, मागं काय लिहिलंय तेही वाच. त्यानं फळी वळवली. वाचलं. 'या वस्तूस परवानगीवाचून हात लावू नये.' मग त्यानं पुन्हा नंबर पुढं केला, हात जोडले, आणि दोन पावलं मागं सरला.

त्यानंतर त्या कोपऱ्यात खराटा कधी आला नाही. दिवाळीला येसाजी सगळी गुहा लखलखीत झाडतो, कोपऱ्यापाशी आला की खराटा बगलेत धरून नमस्कार करतो आणि पुढं जातो. फळीच्या मागं, चारशे सतरातल्या साताच्या पाठीला धरून, चंद्राक्कानं नवं जाळं विणलं आहे. पूर्वीपेक्षाही पातळ. ते कुणालाच दिसत नाही, येसाजीलासुद्धा नाही.

तात्पर्य : काम इतकं नाजूक करावं की ते कुणाच्या डोळ्यांत येऊ नये, पण त्याच्यापुढं एक जाड फळी जरूर टांगावी. म्हणजे सत्कार कुणाचा करायचा हे लोकांना चटकन कळतं, आणि आपलं घरही कुणी झाडून टाकत नाही. नंबर मात्र ऑइल पेंटनंच टाकावा.